वर्कशॉपमधला एअर कॉम्प्रेसर: टाकीपासून एअर गनपर्यंत काय सांभाळायचं

विजेला सगळे घाबरतात, गॅसच्या सिलिंडरजवळ विडी कोणी पेटवत नाही, पण कॉम्प्रेसरचा विषय निघाला की "हवाच तर आहे" म्हणून तो तिथेच संपतो. जरा हिशोब करून पाहा. छोट्या मशीन शॉपमध्ये सर्रास दिसणारी 220 लिटरची टाकी 7 किलो प्रेशरला (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 7 किलो) भरली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा कागदावर एक टनाची मोटार साधारण 20 मीटर, म्हणजे सहा मजले वर उचलण्याइतकी भरते. मोटर बंद केली, बटण लाल झालं, कामगार घरी गेले, तरी ती ऊर्जा आत तशीच बसलेली असते. कॉम्प्रेसर 'बंद' आहे एवढ्यावरून तो 'रिकामा' आहे असं कधीच धरायचं नाही. खालच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे हेच एक कारण आहे.

लेख समोर ठेवलाय तो 3 ते 10 एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर, एक टाकी, पाच-सहा पॉइंट आणि दहा-पंधरा माणसं असलेल्या कारखान्यासाठी. स्क्रू कॉम्प्रेसरवाल्यांचं यंत्र वेगळं, पण लाइन (हवेचा पाइप), होज (रबरी नळी) आणि गनचं सगळं त्यांनाही तसंच लागू होतं.

टाकी

टाकीवर पत्र्याची पाटी असते. त्यावर डिझाइन प्रेशर, हायड्रो टेस्टचं (टाकीत पाणी दाबून केलेल्या चाचणीचं) प्रेशर, बनवल्याचं वर्ष आणि सिरीयल नंबर असायला हवा. रंगाच्या चार थरांखाली ती दडली असेल तर खरवडून वाचा. पाटीच नसलेली टाकी जुन्या बाजारात कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण तिचं डिझाइन प्रेशर माहीत नसेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह कितीचा बसवायचा हेच ठरवता येत नाही.

टाकी बाहेरून गंजली तर ते निदान दिसतं. ती खरी मरते आतून, आणि तळाकडून. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. पावसाळ्यात मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात, 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता धरली, तर 5 एचपीचा कॉम्प्रेसर आठ तासांच्या शिफ्टमध्ये निम्मा वेळ जरी चालला तरी दोन-अडीच लिटर पाणी तयार होतं. ते काढलं नाही तर टाकीच्या तळाशी साचतं, पत्र्याला खड्डे पडतात, आणि 5 मिलिमीटरचा पत्रा काही जागी 2 मिलिमीटरवर येतो. बाहेरचा रंग मात्र चकचकीतच राहतो.

म्हणून ड्रेन रोज काढायचा. कॉम्प्रेसर बंद करा, प्रेशर 1-2 किलोवर येऊ द्या, गॉगल लावा आणि ड्रेन कॉक हळूहळू उघडा. एकदम पूर्ण उघडला तर गंजाचे कण बंदुकीच्या छर्‍यांसारखे सुटतात, आणि कॉक खाली असल्यामुळे आपण नेमके वाकून बघत असतो. कॉकला एक फूटभर होज लावून, ती पक्की बांधून, तोंड डब्यात सोडा. पाणी पांढरट, दुधासारखं आलं तर त्यात तेल आहे, ते गटारात सोडू नका. तांबूस आलं तर गंज सुरू झालाय. शिफ्ट संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून कॉक रात्रभर किंचित उघडा ठेवायची पद्धत उत्तम. सकाळी टाकी भरायला तीन-चार मिनिटं जातात, तेवढी जाऊ द्या.

टाकीच्या तळाला किंवा पायाच्या वेल्डिंगपाशी बारीक पाझर दिसला तर त्या टाकीचं आयुष्य संपलं. एम-सील लावून किंवा शेजारच्या फॅब्रिकेटरकडून टाका मारून ती पुन्हा चालू करणं ही या धंद्यातली सगळ्यात महागात पडणारी बचत. एका जागी भोक पडलंय म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. वेल्डिंगची उष्णता त्याला आणखी कमकुवत करते, आणि पुढची फाट त्या टाक्याच्या कडेने जाते.

तपासणीचं वेळापत्रक महाराष्ट्राच्या कारखाने नियमांतून चालत आलेलं आहे: बाहेरून दर 6 महिन्यांनी, आतून दर 12 महिन्यांनी, आणि हायड्रो टेस्ट दर 4 वर्षांनी. ही तपासणी मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडूनच व्हायला हवी, नुसता सर्टिफिकेटचा कागद आणून भागत नाही. तपासणारा आला की त्याला अल्ट्रासॉनिक मीटरने तळाच्या पत्र्याची जाडी मोजायला सांगा आणि आकडे लिहून ठेवा. दर वर्षी किती पत्रा झिजतोय हे त्यातूनच कळतं. हायड्रो टेस्ट पाण्यानेच करतात, त्यालाही कारण आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तर पाणी गळतं आणि काम तिथेच संपतं. हवेने टेस्ट करायला गेलात आणि टाकी फाटली, तर तो स्फोट असतो.

टाकीवरचे तीन पहारेकरी

प्रेशर स्विच मोटर बंद करतो, गेज प्रेशर दाखवतो, आणि दोन्ही फसले तर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा सोडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह कामाच्या प्रेशरपेक्षा साधारण 10 टक्के वर सेट असतो, पण टाकीच्या डिझाइन प्रेशरच्या वर कधीच नाही. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह बसवू नका. "मेंटेनन्सला सोपं पडतं" म्हणून कोणीतरी तो बसवतो, मग एक दिवस तो बंद राहतो. व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्या जागी प्लग मारलेल्या टाक्याही पाहायला मिळतात. अशी टाकी दिसली तर आधी मेन स्विच पाडायचा, बाकीची चौकशी नंतर.

महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघा. कानात प्लग, डोळ्यांना गॉगल, तोंड व्हॉल्व्हच्या समोर नाही. टाकीत कामाचं पूर्ण प्रेशर असताना रिंग ओढायची आणि झटकन सोडायची. रिकाम्या टाकीवर ओढली तर सीटवर कचरा अडकून राहतो. हवा सुटली आणि रिंग सोडताच बंद झाली तर व्हॉल्व्ह ठीक. सुटलीच नाही, किंवा नंतर सूं-सूं करत राहिली, तर व्हॉल्व्ह बदला. त्याचा स्प्रिंग पिळून 'अ‍ॅडजस्ट' करू नका.

गेज असा निवडा की रोजचं प्रेशर डायलच्या मधल्या भागात येईल. 7 किलोसाठी 0 ते 14 किलोचा गेज योग्य. कामाच्या प्रेशरवर लाल रंगाची रेघ ओढा. टाकी रिकामी असताना काटा शून्यावर येत नसेल तर तो गेज खोटं बोलतोय.

आणखी एक फुकटची परीक्षा आहे: रिकामी टाकी 7 किलोपर्यंत भरायला किती वेळ लागतो तो महिन्यातून एकदा घड्याळ लावून भिंतीवर लिहा. 220 लिटर आणि 5 एचपीला साडेतीन-चार मिनिटं लागतात. तो आकडा सहावर गेला तर व्हॉल्व्ह प्लेट किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ तापतोय. तापण्याचा प्रश्न फक्त वीजबिलाचा नाही. एका टप्प्याच्या पिस्टन कॉम्प्रेसरमधून 7 किलोला बाहेर पडणारी हवा सहज 150 अंशांच्या वर जाते. तेवढ्या उष्णतेत तेल जळून डिलिव्हरी व्हॉल्व्हवर आणि पाइपात काजळीचा थर धरतो, आणि तोच थर पुढे पेट घेतो. म्हणून कॉम्प्रेसरचंच तेल वापरा, गाडीचं इंजिन ऑइल नाही. वर्षातून एकदा डिलिव्हरी पाइप सोडून आत बोट फिरवा, बोट काळं होईलच, पण पापुद्रे निघाले तर साफसफाईची वेळ झाली.

लाइन आणि होज

पीव्हीसीचे पाण्याचे पाइप हवेसाठी वापरू नका. त्यावर "10 किलो" छापलेलं असतं ते पाण्यासाठी. पाण्याने पाइप तडकला तर गळतो. हवेने तडकला तर त्याच्या धारदार ठिकर्‍या चारही दिशांना उडतात. त्यातून उन्हाने तो ठिसूळ होतो आणि कॉम्प्रेसरच्या गरम हवेने मऊ पडतो, म्हणजे दोन्हीकडून मार. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) किंवा हवेसाठी बनवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पाइप घ्या. लाइनला हवेच्या दिशेने मीटरला 1 सेंटिमीटर उतार द्या, आणि प्रत्येक पॉइंटसाठी फाटा मेन पाइपच्या वरच्या बाजूने काढून मग खाली आणा. पाणी तळाने वाहतं, त्यामुळे ते गनमध्ये उतरत नाही.

होजवर छापलेलं वर्किंग प्रेशर वाचा. गॅस कटिंगचा निळा होज हवेला लावायचा आणि मग परत ऑक्सिजनला, हा प्रकार फार घातक. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल त्या होजच्या आत बसतं, आणि ऑक्सिजन तेलाला भेटला की आग लागायला ठिणगीही लागत नाही. तसंच हवा नाही म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरने फुंकर मारणं किंवा न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणारं टूल चालवणं, हे कुठल्याही परिस्थितीत नाही.

होज सुटतो तेव्हा काय होतं? अर्ध्या इंचाच्या तोंडावर 7 किलोला जवळजवळ 9 किलोचा धक्का बसतो, आणि टोकाला लोखंडी निपल असतं. ते निपल मोकळं झालं की होज सापासारखा फटके मारतो, आणि तो हाताने पकडायला जाणार्‍यालाच लागतं. पकडायला जाऊ नका, मागे व्हा आणि लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. तसं होऊच नये म्हणून:

होजच्या टोकाला बाइंडिंग तार गुंडाळू नका, दोन क्लिप लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. क्लिपचे आटे मेले असतील तर ती फेकून द्या. अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या होजला जोडावर स्टीलची सेफ्टी केबल घाला, आणि पाइपच्या बाजूला होज फुटल्यावर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा. रस्त्याच्या कामावर ब्रेकरसाठी जे पंजासारखे कपलिंग असतात, त्यांच्या भोकांत पिन घातल्याशिवाय हवा सोडायची नाही.

क्विक कपलरची दिशाही बघा. मादी भाग, म्हणजे आपोआप बंद होणारा, लाइनच्या बाजूला हवा. नर निपल टूलच्या बाजूला. उलटं बसवलं असेल तर कपलर सोडताच भरलेला होज उघडा पडतो.

गळती शोधायला हात फिरवू नका. साबणाचं पाणी आणि कुंचला पुरतो. 3 मिलिमीटरच्या एका भोकातून 7 किलोला मिनिटाला सहाशेहून अधिक लिटर हवा जाते. 5 एचपीचा कॉम्प्रेसर तेवढी बनवतसुद्धा नाही.

एफआरएलची पारदर्शक वाटी

प्रत्येक मशीनवर फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा संच असतो आणि त्याखाली काचेसारखी वाटी. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. ती तेलकट झाली की हेल्पर बाटलीतलं थिनर घेतो, फडक्याने छान पुसतो आणि परत आटे फिरवून बसवतो. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, नटांना लावायचं थ्रेड-लॉकर, यांतल्या कशानेही पॉलिकार्बोनेटला आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडतात. सुरुवातीला त्या फक्त उजेडाकडे तिरपं धरून बघितलं तरच दिसतात. काही दिवस काहीच होत नाही. मग एका सकाळी मेन व्हॉल्व्ह झटक्यात उघडला जातो आणि वाटी ऑपरेटरच्या तोंडाच्या उंचीवर फुटते. थिनर लावणारा आणि जखमी होणारा बहुधा वेगवेगळे असतात, म्हणून कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

वाटी फक्त साबण-पाण्याने धुवायची. धातूची जाळी असलेलीच वाटी घ्यायची आणि जाळी काढून ठेवायची नाही. रंगकामाच्या विभागात थिनरची वाफ हवेतच असते, तिथे सरळ धातूची वाटी बसवा. रेघ दिसली की वाटी बदला. नवी वाटी अपघाताच्या मानाने फुकट आहे.

एअर गन

अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचा, नियम आहे की साफसफाईसाठी हवेचं प्रेशर 30 पीएसआयच्या खाली हवं, आणि तेही बर (कापताना निघणारा धातूचा कीस) उडू नये म्हणून आडोसा आणि गॉगल असतील तरच. आपल्याकडच्या गेजवर हे लक्षात ठेवायला सोपं आहे: 2 किलो म्हणजे साधारण 28 पीएसआय. साफसफाईच्या प्रत्येक पॉइंटला वेगळा रेग्युलेटर लावा. नॉब वर ओढून सैल करा, 2 किलो येईपर्यंत फिरवा, खाली दाबून लॉक करा. सेटिंग करताना गन बंद असू द्या, कारण गन चालू असताना गेज कमी दाखवतो आणि बोटाने नोझल बंद झालं की प्रेशर परत चढतं. खरी मोजणी बंद तोंडाची. 2 किलोने साफ होत नाही अशी तक्रार येणारच. तेव्हा नोझलच्या बाजूला भोकं असलेली सेफ्टी गन द्या. तोंड कशावर टेकलं तरी हवा बाजूने निसटते. आणि मुळात ब्रश, चुंबक किंवा व्हॅक्यूमने जे जातं त्याला हवा कशाला? टर्निंगची लांब बर हवेने उडवण्यात काही अर्थ नाही, ती उडून शेजारच्या लेथवरच्या माणसाला लागते.

पाइपचा तुकडा दाबून चपटा केलेली घरगुती 'गन' काढून टाका. ती हवा खाते आणि कान खाते. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल आहे आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 95 ला चार तास, 100 ला दोन, 105 ला एक. उघडा पाइप सहज शंभरी गाठतो.

अंगावर हवा

शिफ्ट सुटताना कपड्यांवरची धूळ हवेने झटकायची सवय जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये आहे. ती मोडायची ती भाषण देऊन नाही, तर दाराजवळ कपड्यांचा ब्रश आणि जमलं तर व्हॅक्यूम टांगून. हवेबरोबर बरीचा कण डोळ्यात शिरतो, कानाचा पडदा फाटतो, आणि हातावर कापलेली जागा असेल तर हवा कातडीखाली घुसते.

थट्टेत एखाद्याच्या पार्श्वभागावर गन धरण्याचा प्रकार वेगळा सांगावाच लागतो, कारण त्यातून भारतातल्या कारखान्यांत माणसं मेली आहेत. आतडं फाटायला सुमारे 4 पीएसआय, म्हणजे पाव किलोच्या आसपासचं प्रेशर पुरतं. हवा पँटमधून जाते, गन शरीराला टेकवावीही लागत नाही, आणि सगळं एक-दोन सेकंदांत होतं. शॉपच्या नियमांत हे मस्करी म्हणून नव्हे तर कामावरून काढण्याचं कारण म्हणून लिहा, आणि नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्या समोर वाचा.

प्रेशर पॉट आणि दुरुस्ती

रंगाच्या प्रेशर पॉटचं झाकण 300 मिलिमीटर व्यासाचं असेल आणि आत 3 किलो असेल, तर झाकणाला आतून दोन टनांहून जास्त जोर असतो. आधी हवेचा व्हॉल्व्ह बंद, मग व्हेंट (आतली हवा सोडायचं तोंड) उघडा, गेज शून्यावर आला तरी रिलीफ व्हॉल्व्हची रिंग ओढून खात्री करा, आणि मगच नट समोरासमोरच्या जोडीने सैल करा. शेवटचा नट उरला आणि झाकण चिकटलेलं असेल तर ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, पुन्हा व्हेंट बघा. सुकलेल्या रंगाने तो बुजलेला असण्याचीच शक्यता जास्त.

हवेवर चालणारे सिलिंडर असलेल्या मशीनवर फिटर चढतो तेव्हा क्रम असा: मशीन सुरक्षित स्थितीत थांबवा, वीज बंद करून कुलूप लावा, हवेचा व्हॉल्व्ह बंद करून त्यालाही कुलूप लावा. तो व्हॉल्व्ह साधा बॉल व्हॉल्व्ह नको, बंद केल्यावर पुढची हवा बाहेर सोडणारा हवा. साधा बॉल व्हॉल्व्ह पुढची हवा अडकवून ठेवतो, आणि 100 मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये 6 किलोला पावणेपाचशे किलोचा जोर असतो. उभ्या सिलिंडरखाली लाकडी ठोकळा किंवा पिन द्या, हवा गेली की वजन खाली येतं. मग सोलेनॉइड (विजेवर उघडणार्‍या) व्हॉल्व्हचं मॅन्युअल बटण दोन्ही बाजूंना दाबून बघा, काही हललं नाही तरच हात आत घाला. परत चालू करताना हवा हळू सोडा. रिकाम्या सिलिंडरला समोरून अडवायला हवा नसते, तो पहिला स्ट्रोक झटक्याने मारतो.

काही झालंच तर

हवा कातडीखाली गेली असेल तर ती जागा फुगते आणि बोटाने दाबली की कुरकुर जाणवते. चोळू नका, शेकू नका, दुखत नसलं तरी हॉस्पिटलमध्ये न्या. डोळ्यात कण रुतला असेल तर तो काढायचा नाही, डोळा चोळायचा नाही, वरून वाटीसारखं काही झाकून न्यायचं. पोटात हवा गेल्याची शंका असेल तर पाणीसुद्धा पाजू नका, एनिमा नाही, 108 ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्येच पोहोचवा. पेशंट लाजेने किंवा सोबतचे भीतीने "पोट दुखतंय" एवढंच सांगतात आणि त्यात तास जातात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: कॉम्प्रेसरची हवा, इतकं प्रेशर, या जागी, इतक्या वाजता.